धुतलेल्या मडक्यापर्यंत

डहाणूला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात: चिकू आणले का, आणि समुद्र कसा आहे. चिकू आणले. समुद्र जागेवर आहे. पण मी गेलो होतो एका आरएनएचे नातेवाईक शोधायला, असं सांगितलं की समोरचा माणूस हळूच माझ्या बायकोकडे बघतो. तिच्याकडे बघून उपयोग नाही, ती घरी होती. म्हणून जे झालं ते एकदा लिहूनच काढतो.

डोंबिवलीत माझा लहानसा छापखाना आहे आणि उरलेल्या वेळात मी हौशी नाटकांतून कामं करतो. चेहऱ्याची ठेवण अशी की मला कायम फौजदार करतात. माझी भाची केतकी पुण्याला पीएचडी करते. जानेवारीत तिचा फोन आला: तीन दिवस गाडी हवी आहे, आणि फारसे प्रश्न न विचारणारा चालवणारा हवा आहे. दुसरी अट मला जमणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्या खानदानात गाडी एकच, ती माझी.

महामार्गाला लागेपर्यंत मी कळ काढली. मग विचारलंच, "कसला शोध लावतेयस?"

"मामा, आरएनए म्हणजे चार अक्षरांची लांबलचक माळ. ए, यू, जी, सी. पण ती माळ सरळ राहत नाही, स्वतःवरच दुमडते. ए आणि यू यांची जोडी जमते, जी आणि सी यांची जमते. अशा जोड्या जमल्या की माळेला आकार येतो, आणि आकार आला तरच ती काम करते. अक्षरं वाचता येतात रे. पण कोण कोणाचा हात धरून उभं आहे, ते वाचून कळत नाही."

"मग कळतं कसं?"

"नातेवाइकांवरून."

मी गाडी हळू केली. असं शास्त्र मला आवडायला लागलं होतं.

"तोच आरएनए यीस्टच्या वेगवेगळ्या जातींत असतो," ती म्हणाली. "सगळ्यांची अक्षरं एकाखाली एक लिहायची. एखाद्या नातेवाइकात इथल्या जीचा ए झाला, आणि त्याच्यातच पस्तीस अक्षरं पुढे असलेल्या सीचा यू झाला, तर समजायचं, हे दोघं जोडीदार. एक बदलला म्हणून दुसराही बदलला. जोडी मोडू दिली नाही."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि तो छापखान्यातून आला. आमच्या मंडळाचं एकच नाटक आम्ही पंधरा वर्षं करतोय आणि त्याच्या जाहिराती मी छापतो. नायक उंच असतो त्या वर्षी नायिकाही उंच. उंच नायकाची बदली झाली आणि बुटका मिळाला की त्याच आठवड्यात नायिकाही बदलते. नाटक कधी न पाहिलेल्या माणसाने त्या सगळ्या जाहिराती एकाखाली एक लावल्या, तरी तो ओळखेल की हे दोघं रंगमंचावर शेजारी उभे राहतात.

"आणि फौजदार?" केतकीने विचारलं.

"फौजदार पंधरा वर्षं मीच. माझं नाव काही बदललेलं नाही."

"मग तू कोणाशेजारी उभा राहतोस ते त्याला कळणारच नाही! मामा, माझी अडचण म्हणजे तूच आहेस."

अडचण अशी होती. त्या आरएनएमध्ये एका ठिकाणी जोड्या जमून एक दांडी तयार होते असं केतकीचं म्हणणं होतं. दोन वर्षं त्यावर घालवून तिने प्रबंधाचं चौथं प्रकरण उभं केलं होतं. पण आजवर मिळालेल्या सगळ्या नातेवाइकांत नेमक्या त्या जागची अक्षरं तीच. सगळे फौजदार. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी फेब्रुवारीअखेरची मुदत दिली होती: त्या जागी वेगळी अक्षरं असलेला एक नातेवाईक आण, नाहीतर चौथं प्रकरण काढून टाक.

"फार जवळचा नको," केतकी म्हणाली, "सगळं तेच असेल. फार लांबचा नको, माळ जुळवताच येणार नाही."

"म्हणजे लग्नाला चालेल असा."

"मामा, रस्त्याकडे बघ."

ताडीत यीस्ट आपोआप येतं, कोणी पुडीतून टाकत नाही. तेव्हा गावोगावच्या ताडीतून निदान एखादा तरी निराळा नातेवाईक हाती लागेल, असा तिचा अंदाज होता. अशा रीतीने, शास्त्राच्या सेवेसाठी ताडी गोळा करत फिरणं माझ्या वाट्याला आलं. मी तक्रार केली नाही.

धाकटी डहाणू

खाडीच्या तोंडाशी वसलेलं हे मासेमारांचं गाव. भारतीताई नावाच्या बाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली होती. बाई स्वतः मासे विकतात, सुकवतात आणि पाहुण्यांना इतके वाढतात की तिसऱ्या बोंबलानंतर मी हात जोडले. "जोडलेल्या हातांनी कसे खाल? सोडा आधी," म्हणाल्या आणि चौथा वाढला. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की यजमान एकदा आग्रह करून सुटतो. इथे नको म्हणणं ही जेवणाची सुरुवात समजतात.

त्या दुपारी खाडीजवळच्या एका ताडाखाली पहिला नमुना मिळाला. ताडी काढणारा तरुण बांबूच्या शिडीवरून सरसर उतरला, कमरेचं मडकं आमच्यापुढे धरलं. केतकीने हातमोजे घालून चार नळ्या भरल्या, झाकणं लावली, नंबर टाकले. उरलेली मी प्यायलो. उन्हात उभी राहिलेली ताडी जरा आंबट, जरा उद्धट लागते. सकाळी हीच गोड आणि नम्र असते, असं मला सांगण्यात आलं आणि पुढचे दोन दिवस मी त्याची खातरजमा केली.

नळ्या बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवून आम्ही झोपलो. सकाळी केतकीची किंकाळी ऐकून मी खाली धावलो. खोकं उघडं होतं आणि नळ्यांच्या उरावर तीन पापलेटं आणि शेरभर कोळंबी शांतपणे पहुडली होती.

"कोणी ठेवलं हे?"

"मी," भारतीताई अभिमानाने म्हणाल्या. "तुमच्या खोक्यात जागा उरली होती. घरी न्यायला बांधून दिलेत."

"ताई, ते खोकं प्रयोगाचं आहे हो!"

"थर्माकोल हाय, वर बर्फ हाय. मग त्यात मासे नाय तर काय वह्या ठेवायच्या?"

धाकट्या डहाणूत हा युक्तिवाद बिनतोड आहे. केतकीने एकेक नळी पुसली, वास घेतला, पुन्हा पुसली. झाकणं घट्ट होती म्हणून वाचलो. पापलेटं भारतीताईंनी दुसऱ्या खोक्यात भरून दिली. ती दोन दिवस आमच्याबरोबर सगळा जिल्हा फिरली आणि शेवटी कोणाच्याच कामी आली नाहीत.

सरावली आणि मग गंजाड

शुक्रवारी सकाळी निघालो, वाटेत दोन ठिकाणचे नमुने घेतले आणि सरावलीला रमीमावशींच्या अंगणात पोचलो. यांचं नाव आम्हाला खाडीवरच्या त्या तरुणानेच दिलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, आवाज असा की आमच्या मंडळात असत्या तर माइकचं भाडं वाचलं असतं. त्यांचा नवरा झाडावर आणि त्या खाली मडक्यांच्या राज्यात.

केतकीने बाकावर छोटा सूक्ष्मदर्शक मांडला आणि आत्तापर्यंतच्या चारही ठिकाणच्या ताडीचा एकेक थेंब बघितला. मग पुन्हा बघितला. प्रत्येक पुन्हा बघण्याबरोबर तिचा चेहरा एकेक पायरी उतरत होता.

"सगळे सारखेच दिसतायत," ती म्हणाली. "गोल, एकाच मापाचे. चार गावं, चार झाडं. असं कसं होईल?"

रमीमावशींनी तिला बाजूला केलं आणि स्वतः डोळा लावला. "सारखेच असणार. आमचाच गाळ हाय सगळा."

"म्हणजे?"

"तो खाडीवरचा पोरगा माझा जावई. आजच्या वाटेवरची दोन घरं माझ्या चुलत दिरांची, त्यांनीबी इथूनच नेलाय. जावई पहिल्यांदा झाडावर चढतो तवा सासरचं मडकं न्यायचं, धाकट्या भावाला लग्नात थोरल्याने द्यायचं. तळाला चार बोटं गाळ ठेवून देतो आम्ही. त्या गाळावर नवीन ताडी चढते. चार पिढ्यांचा हाय तो. मडकं कधी धुवायचं नाय. घरातल्याला धुतलेलं मडकं दिलं, म्हणजे आपलं तुझं सरलं असं सांगितलं."

आमच्या इमारतीत विरजण मागायला बायका वाटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातात, पण ते विरजण कुठल्या घराण्यातलं हे कोणी विचारत नाही. इथे चार पिढ्यांची वंशावळ मावशींच्या बोटांवर होती, आणि ती ऐकून माझी भाची बाकावर मटकन बसली. चार नमुने, आणि सगळे एकाच मडक्याची लेकरं. चार जाहिराती, चारहींवर फौजदार मीच.

"काय झालं पोरी? गाळात खोट नाय आमच्या."

"खोट नाही हेच तर दुखणं," केतकी म्हणाली. मग तिने एकदम मान वर केली. "मावशी, तुमच्या घरात असा कोणी नाही का, ज्याला हा गाळ मिळालाच नाही?"

मावशींचा तो दणदणीत आवाज पहिल्यांदा खाली आला. पदराचं टोक उगाच नीट करत त्या म्हणाल्या, "एक हाय. लहानू. माझा धाकटा भाव."

गोष्ट बावीस वर्षांची होती. आईबाप गेल्यावर थोरला भाऊ देवजी घराचा कर्ता. लहानूचं लग्न ठरलं तेव्हा रीतीप्रमाणे मडकं देवजीने द्यायचं होतं. भर मांडवात मडकं लहानूच्या हातात आलं ते धुतलेलं, चकचकीत, राखेने घासलेलं. लहानूने ते सगळ्यांना दाखवलं, दोघा भावांची तिथेच जुंपली, आणि लहानू बायकोला घेऊन तिच्या गावी तलासरीकडे निघून गेला. धुतलेलं मडकं तिथल्या ताडाला बांधलं. आठवडाभर कडू घाण निघाली म्हणे. मग आपोआप काहीतरी आत शिरलं आणि ताडी सुधारली. तेव्हापासून भाऊ भावाशी बोललेला नाही.

केतकी उठून उभी राहिली आणि तिने चक्क टाळी वाजवली. "किती छान!"

"छान?" मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी कपाळाकडे बोट नेऊन, शहरातल्या शिकलेल्या मुली अशाच असतात, अशी खूण केली.

माझी अक्कल पाजळायची संधी होती. "बावीस वर्षं म्हणजे त्याची अक्षरं चांगलीच बदलली असणार."

"मामा, बावीस वर्षांत एक अक्षरही बदलायचं नाही. लाखो वर्षं लागतात. भांडणाने यीस्ट बदललं नाही. भांडणामुळे मडकं रिकामं राहिलं, आणि निराळ्या जातीला आत यायला जागा मिळाली. मिळाली असली तर." मग मावशींना, "आम्हाला त्यांच्याकडे नेता?"

मावशी म्हणाल्या, मी एसटीने जाते, गाडीचा रस्ता मला कळत नाही, तो देवजीला ठाऊक. बावीस वर्षं ज्या घरी पाऊल ठेवलं नाही त्या घराचा गाडीरस्ता देवजीला कसा ठाऊक, हा प्रश्न मला रात्री अंथरुणात पडला. तोवर आम्ही गंजाडला जाऊन त्याला आमंत्रण देऊन बसलो होतो.

देवजीभाऊ साठीचे, टक्कल तुळतुळीत, मिशी शिस्तीची. त्यांच्या ओसरीवर तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि उडदाचं पातळ वरण जेवलो. त्यांच्या मडक्यातला नमुनाही घेतला. अर्थातच गोल, अर्थातच तेच. लहानूचं नाव निघताच ते भाकरीशी बोलू लागले.

"मी नाय धुतलं मडकं. मी चार बोटं गाळ ठेवून फडकं बांधून ठेवलं होतं. त्याला वेगळं व्हायचं होतं म्हणून भर मांडवात आळ घेतला माझ्यावर."

"मग उद्या येता का, रस्ता दाखवायला?"

देवजीभाऊंनी भाकरीचा तुकडा चटणीत दाबला. मग म्हणाले, "येतो. पण गाडीतून उतरणार नाय."

तलासरीकडे

शनिवारी सकाळी देवजीभाऊ दाराशी तयार होते. धुवट सदरा, आणि हातात पानाने तोंड झाकलेलं मडकं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तहान लागली तर."

ते मडकं मांडीवर घेऊन पुढे बसले. मागे रमीमावशी, केतकी, थर्माकोलचं खोकं आणि एव्हाना वास मारू लागलेली पापलेटं. महामार्गापर्यंत ठीक होतं. मग डोंगराकडच्या रस्त्याला लागलो आणि प्रत्येक खड्ड्याला मडक्यातून फेस उसळून गिअरवर पडू लागला. माझी गाडी आजही उन्हात तापली की ताडीच्या वासाने हसऱ्या मनाची होते.

पण रस्ता सुरेख. कापणी झालेली भाताची खाचरं, पिवळं पडलेलं गवत, आणि मधेच उगवलेले ताड, कोणी आकाशात टाचण्या टोचून ठेवल्यासारखे. एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने मला मराठीत साखर विचारली, स्वतःच्या बायकोकडे गुजरातीत दूध मागितलं, ट्रकवाल्याशी हिंदीत हुज्जत घातली, आणि एका म्हाताऱ्याशी चौथ्याच कुठल्यातरी बोलीत हसला. मी छापखान्यात एका भाषेत चुका करतो.

लहानूचं घर पाड्याच्या टोकाला. आम्ही पोचलो तेव्हा घरमालक चाळीस फुटांवर होता. तीन ताड, त्यातल्या मधल्याच्या शेंड्यावर बसून तो मडकं सोडवत होता. मला हा प्रवेश फार आवडला. इतक्या उंचीवरून संवाद म्हणायची संधी आमच्या मंडळात कोणाला मिळालेली नाही.

"कोण हाय?" वरून आवाज आला.

"मी रमी! पाहुणे आणलेत!"

"गाडीत कोण हाय?"

"कोणी नाही!" मी ठणकावून सांगितलं. पंचवीस वर्षांचा अनुभव त्या दोन शब्दांत ओतला होता.

"त्या कोणी नायला सांगा, डोकं आत घे. टक्कल चमकतंय."

देवजीभाऊंनी खिडकीतून बाहेर काढलेलं डोकं झटकन आत घेतलं.

लहानू उतरला. पन्नाशीचा, भावाची तीच मिशी, वर केस तेवढे शाबूत. केतकीने नमस्कार करून आपलं काम सांगायला सुरुवात केली, पण तो ऐकेना. "दादाने पाठवलंय. त्याला बघायचंय माझी ताडी कशी झाली. एक थेंब नाय मिळायचा. मडकं धुवून दिलं तवा नाय आठवला भाव?"

तिन्ही झाडांची मडकी अंगणात ओळीने मांडलेली होती, पाच पावलांवर. केतकीच्या हातातल्या रिकाम्या नळ्या खुळखुळत होत्या. महिना संपला की मुदतीला उरणार होते फक्त चार आठवडे, आणि दुसरा कुठला नातेवाईक तिच्या यादीत नव्हता. ही पोरगी लहानपणी हट्ट करताना जमिनीवर झोपायची. आज ती उभी राहिली आणि अगदी सावकाश बोलली.

"काका, मला दादांनी नाही पाठवलं. मला तुमचीच ताडी हवी, कारण तुमचं मडकं धुतलेलं होतं. ते धुतलं नसतं तर तुमच्याकडेही दादांसारखंच सगळं असतं आणि मी इथवर आलेच नसते. माझं दोन वर्षांचं काम त्या मडक्यावर अडलंय. ज्याने कोणी ते धुतलं ना, त्याच्या मी पाया पडायला तयार आहे."

एक कोंबडी तिच्या पायांमधून निघून गेली.

"मग पड," रमीमावशी म्हणाल्या. "मीच धुतलं."

लहानू वळला. गाडीचा दरवाजा उघडला.

"मी तवा डहाणूत बाईंकडे भांड्याला होते," मावशी जमिनीकडे बघत म्हणाल्या. "दिवसभर तेच, दिसलं भांडं की घास. लग्नाला आले, बघते तर कोपऱ्यात मडकं, फडक्याखाली काळा राप. म्हटलं नवी सून येणार, घरात असलं मळकं भांडं कसं ठेवायचं? राख घेतली, घासलं. हात उचलून बघते तर दादाचं गाळाचं मडकं."

"आणि बावीस वर्षं बोलली नायस?" लहानू ओरडला.

"तुमी दोघं एवढे ओरडत होतात, मधे घुसायला जागा कुठं होती? मग आठ दिवस गेले. मग वर्ष गेलं. मग म्हटलं, आता काय बोलायचं!"

देवजीभाऊ गाडीतून उतरले होते. मडकं छातीशी, पान कुठेतरी पडलेलं. "मला वाटलं तू आळ घेतोस," ते लहानूला म्हणाले.

"मला वाटलं तू मला तोडलास."

"मी गाळ ठेवलेला रे. चार बोटं. मोजून."

आणि आत्ता मला कळलं की मांडीवरचं ते मडकं तहानेसाठी नव्हतंच. माणूस उतरणार नाही म्हणत होता आणि भावाचा गाळ बरोबर घेऊन निघाला होता. देवजीभाऊ त्या ओळीतल्या पहिल्या मडक्यापाशी गेले आणि त्यांनी आपलं मडकं वाकवलं. रीतीचं देणं आता द्यायचं होतं.

असा प्रसंग रंगमंचावर वाया जाऊ द्यायचा नसतो. मी दोन पावलं पुढे झालो, हात पसरले आणि खर्जात म्हणालो, "ओता देवजीभाऊ! दोन्ही हातांनी ओता!"

"मामा!" केतकी ओरडली. "ओतू देऊ नकोस! मिसळलं की संपलं!"

बावीस वर्षं जे वेगळं राहिलं होतं ते माझ्या दिग्दर्शनाखाली आता एक होणार होतं, आणि त्यात चौथं प्रकरण बुडणार होतं. मी जागच्या जागी गोठलो. देवजीभाऊंना थांबता येईना, मडकं कललेलं, फेस काठावर आलेला. केतकी सारवलेल्या अंगणातून धावत निघाली ती घसरून मधेच बसली. आणि लहानूने आपला पंजा दोन मडक्यांच्या मधे घातला. भावाची ताडी त्याच्या तळहातावर पडली, मनगटावरून ओघळली.

"दादा, थांब," तो म्हणाला. "पोरीचं आधी."

केतकीने बसल्या जागीच नळ्या भरायला घेतल्या. तिन्ही मडक्यांतून, प्रत्येकी चार. एक मडकं तरी न मिसळता राहू द्या, म्हणून तिने विनवलं, पण लहानू ऐकेना. "बावीस वर्षांनी देतोय, अर्धवट घेऊ?" मग देवजीभाऊंनी तिन्ही मडक्यांत ओतलं, लहानूने तळहात चाटला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "गोड करतोस रे अजून."

सूक्ष्मदर्शकाला पहिला डोळा मावशींनीच लावला. "अरे, ह्यांना टोकं हायेत! लिंबं!"

खरंच, गोल दाण्यांऐवजी दोन्हीकडे निमुळते झालेले, लिंबासारखे दाणे. मी नाचायच्या तयारीत होतो. केतकी नाचली नाही. "जात वेगळी आहे इतकंच कळलं. त्या जागची अक्षरं काय आहेत ते देव जाणे." मग ती रमीमावशींच्या खरोखरच पाया पडली. मावशींनी तिला उठवलं आणि तिच्या पाठीला लागलेलं शेण झटकलं, बरंच जोरात.

परतीच्या वाटेवर थर्माकोलचं खोकं केतकीच्या मांडीवर होतं. पापलेटं मी वाटेतल्या कुत्र्यांना दिली. त्यांनी वास घेऊन विचार केला.

नंतर

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. मी छापखान्यात लग्नपत्रिकेत वराच्या आईचं नाव दोनदा छापून बसलो होतो. केतकीचा फोन.

"मामा, तीन जोड्या!"

"कसल्या?"

"त्या दांडीत. तीन ठिकाणी इकडचं अक्षर बदललंय, आणि तिन्ही ठिकाणी समोरचंही बदललंय. जोडी एकही मोडली नाही. बाकीची माळ व्यवस्थित जुळते. लिंबं हवी तेवढीच लांबची निघाली! मॅडमनी दोनदा तपासलं आणि एकच शब्द म्हणाल्या. लिही."

मी यंत्र बंद केलं आणि माझ्या दोन्ही कामगारांना आरएनए समजावून सांगितला. ते सहनशील आहेत.

संध्याकाळी केतकीने लहानूकाकांना फोन लावला आणि मलाही त्यात घेतलं. बातमी सांगायच्या आधीच तिकडून गाऱ्हाणं सुरू झालं. "पोरी, माझी ताडी गेली. दादाचा गाळ माझ्यावर चढला. आता सगळी त्याच्यासारखी, गोडगोड. गिऱ्हाईक तोंड फिरवतंय. दादा दर रविवारी येतो, पितो, आता कशी बरोबर झाली म्हणतो. त्याला काय बोलणार?"

"काका, तुमची माझ्याकडे आहे. जिवंत. थंडीत ठेवलीय. मार्चमध्ये एक झाड मोकळं ठेवा, मी घेऊन येते."

"दादाला सांगू नको."

"नाही सांगत. आणि काका, ज्याच्यासाठी आले होते ते मिळालं." मग तिने त्यांना सगळं सांगितलं, माळ, अक्षरं, जोड्या, अगदी हळूहळू. लहानूकाका हुंकार भरत ऐकत होते.

"म्हणजे बघ," ते शेवटी म्हणाले, "ह्या टोकाचा बदलला की त्या टोकाचापण बदलला. आणि हात सोडला नाय."

"हो काका."

"बोलाचाल बंद नाय झाली, वेगळं घर नाय केलं?"

"नाही."

पलीकडे वारा ऐकू येत होता. बहुतेक झाडावर होते.

"मंग ते भाव नसणार," लहानूकाका म्हणाले. "नवराबायको असतील."